काचेच्या कपाटातली बारोलो

मी निघालो त्या सकाळी अप्पांच्या हातात छाटणीची कात्री होती. दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी चालू होती, मजूर लावलेले होते, त्यामुळे अप्पा विमानतळावर येणार नाहीत हे आधीच ठरलं होतं. मी बांधावर जाऊन पाया पडलो. त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली, उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे." कंपनीने जर्मनीला पाठवलंही दोनच वर्षांसाठी होतं. मी गाडीत बसेपर्यंत ते पुढच्या ओळीत गेलेले होते.

हे तुमच्यासाठी लिहितोय, जे तिकडे राहिलात आणि दर दिवाळीला 'कधी येताय' विचारून थकलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे इकडे आलात आणि 'अजून दोन वर्षं' हे उत्तर तोंडपाठ केलंत. माझं तर ते इतकं बसलं होतं की झोपेतही दिलं असतं. आधी प्रोजेक्ट, मग ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, मग बायकोची, मेधाची नोकरी, मग सानिकाचा जन्म. गेर्लिंगेनच्या ऑफिसात चहा प्यायलाही आधी वेळ ठरवून टेर्मीन घ्यावा लागतो. परत जायचा टेर्मीन मात्र मी कधी घेतला नाही.

सानिका कीटात, म्हणजे इथल्या बालवाडीत जात होती तेव्हा आई-अप्पा आले. किल्ले, संग्रहालयं, गाड्यांचे कारखाने, अप्पांना कशातच रस नव्हता. त्यांना बाग बघायची होती. म्हणून मी गाडी काढली आणि आम्ही स्वित्झर्लंड ओलांडून इटलीत पीडमाँटच्या टेकड्यांवर गेलो. तिथे बारोलो तयार होते. नेबिओलो नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. जाणकार तिचं नाव घेताना आवाज बदलतात.

ज्या वाइनरीत गेलो तिची मालकीण चिखलाच्या बुटांतच बाहेर आली. ती पर्यटकांना जर्मनमध्ये सांगत होती आणि मी अप्पांना मराठीत. तिचे पणजोबा दुसऱ्याची जमीन कसत. पोट भरेना म्हणून अर्जेंटिनाला गेले, रेल्वेच्या कामावर राबले आणि परत येऊन त्यांनी ही टेकडी घेतली. हीच का, तर हिवाळ्यात इथलं बर्फ सगळ्यांत आधी वितळतं हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्या काळी गावातले सगळे द्राक्षं व्यापाऱ्याला घालून मोकळे होत. पणजोबांनी घातली नाहीत. पिंपं आणली, स्वतः वाइन केली आणि बाटलीवर टेकडीचं नाव लावलं. लोक हसले, आणि पुढे त्याच नावासाठी जग वाट वाकडी करून यायला लागलं.

मग तिने स्वतःचं सांगितलं. ती मिलानला बँकेत होती. वडिलांची कंबर धरली तशी नोकरी सोडून बागेत आली. हे मराठीत सांगताना माझा आवाज खाली गेला. अप्पा एका वेलाची साल अंगठ्याने चाचपत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "म्हणजे परत येतात माणसं?"

हे मी जर्मनमध्ये कुणाला सांगितलं नाही.

निघताना अप्पांनी एक बाटली घेतली, स्वतःच्या पैशाने. ज्या माणसाने जन्मात थेंब घेतला नव्हता त्याने. मालकिणीने बजावलं की ही अजून बरीच वर्षं मुरायची आहे, अंधारात, गार जागी आणि आडवी ठेवा, नाहीतर बूच सुकतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या बॅगेत दारू जाणार नाही असं आईने निक्षून सांगितलं. "मग येताना तूच आण," अप्पा मला म्हणाले. मी म्हणालो, अजून दोन वर्षं, सानिका शाळेत जायच्या आत.

गेर्लिंगेनला घरी आल्यावर आईने बाटली स्वच्छ पुसली आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात उभी केली. आपल्याकडे चांगल्या वस्तूचं तेच होतं. "दिसू दे आल्यागेल्याला," आई म्हणाली. वर दिवा, शेजारी खोली तापवणारं हाइत्सुंग. येणारी मराठी मंडळी बाटलीपुढे उभी राहून फोनवर तिची किंमत शोधायची आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

सानिका शाळेत गेली, मग मोठ्या शाळेत गेली. अप्पांचे गुडघे गेले. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला की बाग दिली, तिथे लग्नाचं लॉन होणार आहे. वेल काढून झालेसुद्धा. आवाज असा, जणू पाऊसपाण्याचं बोलत होते.

त्या रविवारी मी बाटली उघडली. कशासाठी ठेवायची होती आता? बुचाचा भुगा झाला. ग्लासात पडलं ते तपकिरी पाणी, वास सरळ व्हिनेगरचा. "आल्झो, त्याचं असं असतं बाबा," सानिका म्हणाली, आणि वाइन आडवी ठेवतात हे तिने मला जर्मनमध्ये समजावून दिलं. मेधाने ते बेसिनमध्ये ओतलं.

संध्याकाळी अप्पांना फोन लावला. म्हणालो, उघडली, फार छान निघाली.

"आंबली असेल," अप्पा म्हणाले. "उभी होती ना."

मी चिडलो, खरंच चिडलो. माहीत होतं तर तेव्हाच का नाही बोललात, असं विचारलं.

"दोन वर्षांचाच तर प्रश्न होता," ते म्हणाले. "तेवढ्याला काय होतंय, म्हटलं. इथे पंपाच्या खोलीत फळी ठोकून ठेवली होती मी. आलास की आडवी ठेवणार होतो."

घर कुठे असं कुणी विचारलं तर मी गेर्लिंगेन सांगतो. कागदोपत्री ते खरंही आहे. पण घर म्हटलं की मला ती मी न पाहिलेली फळी दिसते, अंधारात, गार भिंतीला, रिकामी. लॉनवाल्यांनी पंपाची खोली पाडली का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.