लिफ्टमधली सोयरीक

माझी सून काय करते असं कुणी विचारलं की पूर्वी मी ‘कॉम्प्युटरवर असते’ असं सांगून सुटायचे. आता खरं सांगते. म्हणते, कोण कोणाला खरोखर चिकटलंय ते ती शोधून काढते. ऐकणारी बाई लगेच खुर्ची पुढे ओढते. मग हे माणसांबद्दल नाही असं कळलं की खुर्ची मागे.

आपल्या अंगात प्रथिनं असतात, ती म्हणजे मण्यांच्या माळा. मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. मण्यांच्या जाती वीसच, पण ओवण्याच्या तऱ्हा अगणित. माळ सरळ राहत नाही. पर्समध्ये टाकलेल्या इअरफोनच्या वायरीसारखी गुंडाळते. फरक एवढाच, की वायर दर वेळी नवा गुंता करते आणि माळ दर वेळी तोच. त्या गुंत्यात एका टोकाचा मणी दुसऱ्या टोकाच्या मण्याला जाऊन टेकतो. असे कोण कोणाला टेकलेत, किती अंतरावर, याचा सून नकाशा काढते. शेजारी शेजारी ओवलेले मणी ती धरतच नाही. ‘ते दोऱ्यामुळे जवळ आहेत, त्यात त्यांचं काय कर्तृत्व?’ म्हणते. लांबून येऊन जे जवळ बसले तेच धरायचे. मला हे फार पटलं. आमच्या नात्यात दोऱ्यामुळे जवळ असलेले पुष्कळ आहेत.

मण्याला मणी टेकला म्हणायचं तर आधी कुठून कुठपर्यंत मोजलं ते सांगावं लागतं, म्हणे. हे तिच्या इतकं अंगात मुरलंय की लग्न होऊन आली तेव्हा मी विचारलं, ‘तुझं माहेर इथून किती लांब गं?’ तर म्हणाली, ‘आई, दारापासून की फाटकापासून?’ मी मनात म्हटलं, पोरगी वेडी तरी आहे नाहीतर खोटं बोलू न शकणारी. दोन्ही निघाली.

तिच्या ऑफिसात मी एकदा गेले होते, डबा द्यायला. खिडकी नाही, मशीनची घरघर, थंडी इतकी की सगळे बसल्या जागी स्वेटर घालून. तिच्या खुर्चीचा स्पंज बाहेर आलेला, त्याला चिकटपट्टी. तिथले मुख्य म्हणजे हो-हो साहेब. हे नाव मी ठेवलं. काहीही सांगा, ते मान हलवून ‘हो हो’ म्हणतात आणि स्वतःच्या मनातलं करतात.

आता मूळ दुखण्याकडे येते. मूत्रपिंडाच्या एका आजारात एक प्रथिन बिघाड करतं. ते कसं दिसतं ते बघायचं तर आधी त्याचे खडे बनवतात, मिठाच्या खड्यांसारखे. त्या खड्यात साहेबांना त्याच प्रथिनाच्या दोन माळा एकमेकींना लागून बसलेल्या दिसल्या. झालं! साहेबांनी जाहीर केलं, या दोघी हातात हात घालून काम करतात. ही पकड सोडवणारं औषध काढा, आजार थांबेल. भाषणं झाली, पेपरात फोटो आला. पकडीत कुठले मणी आहेत त्याचा नकाशा काढायला सुनेला सांगितलं.

नकाशा काढून ती घरी आली आणि ताटावर नुसती बसून राहिली.

‘काय गं, बरं नाही का?’

‘आई, ही पकडच नाहीये.’

‘मग काय आहे?’

तिने जरा विचार केला. ‘आपल्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे वकील असतात ना? दाटीत त्यांचा खांदा तुम्हाला लागतो. म्हणून ते तुमचे जावई झाले का?’

‘मला काही अडचण नव्हती गं, पण माझी लेक केव्हाच उजवली.’

ती हसली आणि जेवली. खड्यात माळा दाटीवाटीने रचलेल्या असतात, त्यामुळे कुणीतरी कुणालातरी लागणारच. खरी पकड असेल तर एकमेकांना टेकलेले मणी भरपूर असतात, आणि इतर प्राण्यांतल्या त्याच प्रथिनात त्या जागचे मणी सहसा फारसे बदलत नाहीत. इथे मोजून चार मणी, तेही प्रत्येक प्राण्यात वेगळे. शिवाय ऑफिसात पलीकडच्या खोलीत काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीने ते प्रथिन पाण्यात सोडून पाहिलं. प्रत्येक माळ एकटी पोहत होती. म्हणजे साहेबांनी लावलेला हा निव्वळ बादरायण संबंध!

सुनेने साहेबांना सगळं दाखवलं. साहेब म्हणाले, ‘हो हो, बघू.’

मग एक दिवस माझ्या लेकीचा फोन. ‘आई, वहिनीचं नाव मोठ्या मासिकात येणार! दादा म्हणाला. साहेबांच्या नावाखाली लगेच तिचंच. पेढे कुठायत?’ फोन स्पीकरवर होता. सून समोर भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

साहेबांनी पकडीवर लेख लिहून तसाच्या तसा त्या मासिकाला पाठवला होता. हिचा नकाशा घातला, हिचं नाव घातलं, आणि ‘ही पकड खरी नसावी’ असं हिने लिहिलेलं वाक्य तेवढं गाळलं. विचारलंसुद्धा नाही! दुसऱ्याच्या तोंडात आपलं खोटं कोंबायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा, याला काय म्हणतात? आमच्या वेळी याला एक शब्द होता, तो मी इथे लिहीत नाही.

ती म्हणाली, माझं नाव काढा. साहेब हसले. म्हणाले, ‘लोक नाव घालायला रडतात, आणि तू काढायला?’ वर हेही म्हणाले, की तिच्या नोकरीची मुदत वर्षाअखेर संपतेय, पुढे कुठे जायचं तर त्यांची शिफारस लागेल आणि लेखही लागेल. नाव काढलं तर इतक्या वर्षांचं दाखवायला हाती काय? शून्य.

माझा मुलगा स्वभावाने गरीब. म्हणाला, ‘राहू दे ना नाव. एवढ्या बारीक अक्षरात कोण वाचतंय?’

‘जो औषध करायला बसेल तो वाचेल,’ ती म्हणाली. ‘माझा नकाशा उघडेल आणि त्या चार मण्यांवर आयुष्य घालवेल. आणि जो आजारी आहे तो वाट बघत बसेल.’

‘पण साहेबांचं कोण काय वाकडं करणार आहे?’

‘त्यांचं नको करू वाकडं,’ मी मुलाला म्हटलं. ‘निदान हिला वाकायला सांगू नको.’ त्याने उठून चहा टाकला. आमच्या घरात माफी अशी मागतात.

शेवटी साहेब स्वतः घरी आले. हातात फळांची पिशवी, तोंडावर साखर. सोफ्यावर बसले, पंख्याची स्तुती केली, मग माझ्याकडे वळले. सुनेला ताळ्यावर आणायचं तर सासूला धरावं, असा हिशोब असणार.

‘आजी, तुम्ही समजवा हिला. हुशार मुलगी आहे, पण हट्टी. भविष्याचं नुकसान करून घेतेय.’

‘हुशार आहे म्हणता ना?’

‘हो हो, फारच.’

‘मग ती म्हणते ते ऐका की.’

‘विज्ञानात मतभेद असतातच, आजी.’

सून म्हणाली, ‘सर, मतभेद लेखात लिहा. माझं वाक्य परत घाला, मी नाव ठेवते.’

‘ते वाक्य घातलं तर लेख उरतोच कुठे?’ साहेब बोलून गेले. पंखा फिरतच होता, त्याची त्यांनी पुन्हा स्तुती केली नाही.

मला खाली दूध आणायचंच होतं. मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. मधल्या मजल्यावर कपाट घेऊन दोन माणसं घुसली आणि साहेब माझ्यावर रेटले गेले. मी म्हटलं, ‘साहेब, तुमचा खांदा लागला मला. आता आपण सोयरे. पेपरात द्या.’

त्यांना कळलं की नाही, देव जाणे. म्हणाले, ‘हो हो.’ आणि मोबाइल बघू लागले. माझा संताप तिथेच आहे अजून. त्यांना लाज वाटली असती तर मी विसरले असते. त्यांना काही लागलंच नाही. कोडग्याला काय, पाणी पडलं की ओघळलं.

सुनेने मासिकाला सरळ कळवलं, कारणांसकट. मासिकवाल्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी कळवलं, ती वैयक्तिक कारणास्तव नाव मागे घेत आहे. वैयक्तिक! जणू पोरगी माहेरी निघाली होती. मासिकवाल्यांनाही तेवढं पुरलं. हिचं नाव गेलं आणि लेख छापून आला. मैत्रीण बिचारी गप्प राहिली. तिला दोन लेकरं आहेत, तिला मी बोल लावत नाही. वर्षाअखेर सुनेने ऑफिसातला खण आवरला, स्वेटर घरी आणला. साहेबांचा सत्कार झाला म्हणे.

लेख आला तेव्हा मी मुलाला सगळी नावं मोठ्याने वाचायला लावली. लांबलचक यादी, त्यात हिचं नाव नाही. ‘पुन्हा वाच,’ मी म्हटलं. पुन्हा वाचली. नव्हतं. पण सून पानाकडे बघत म्हणाली, ‘नकाशा माझाच आहे. रंग तेवढे बदललेत.’ नाव काढलं आणि नकाशा ठेवला! माळ चोरायची तर निदान दोरा तरी बदलावा.

ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने जेवणाच्या टेबलावरचं मीठ-लोणचं बाजूला सारलं, लॅपटॉप मांडला आणि कामाला लागली. आठवडाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. चारी मणी, सगळ्या प्राण्यांतले त्यांचे बदल, पकडीचं माप, आणि ते गाळलेलं वाक्य, या वेळी सगळ्यात वर. जिथे कुणीही वाचू शकतं अशा ठिकाणी तिने ते इंटरनेटवर टाकलं. खाली नाव एकच. नोकरी अजून नाही. अर्ज करते, शिफारस कुणाची, या रकान्याशी थांबते, मग दुसऱ्या अर्जाकडे वळते.

तिने ते टाकलं त्या दिवशी कुणाचाच फोन आला नाही. मग मीच लावला, लेकीला.

‘वहिनीचं नाव आलंय,’ मी म्हटलं. ‘मागे पेढे मागत होतीस ना? आता ये. आणि येताना तूच घेऊन ये.’