ओर्विलची खुर्ची

आर्डिसला गव्हाचा कणही चालत नाही. पोटात गेला की तासाभरात उलट्या, मग आठवडाभर अंथरूण. आमच्या आयोवातल्या या गावात रस्सा म्हटला की तो मैदा लावूनच दाट करायचा. तिथे तिने तीस वर्षं संसार केला. चर्चमध्ये प्रसादासारखी मिळणारी प्रभुभोजनाची चकतीसुद्धा पाद्रीबुवा तिला तांदळाची देतात.

चर्चच्या तळघरात जेवण असलं की भिंतीलगत स्लो कुकरची, म्हणजे विजेवर मंद शिजवायच्या भांड्यांची, रांग लागते. शेवटचा आर्डिसचा असायचा: बीफ, गाजरं, बटाटे, सलगम आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. शेजारी खुर्ची टाकून तिचा नवरा ओर्विल पळी धरून बसायचा. कुणी गव्हाच्या नूडल्समधली पळी घेऊन आलं की ओरडायचा, "हात मागे! माझ्या बायकोचं जेवण आहे ते."

"ओर्विल, बँकेत राखणदार हो की!" बायका चिडवायच्या.

"तिथे एवढं मोलाचं काही नसतं."

मार्चमध्ये ओर्विल गेला. मयताच्या घरच्या बाईला त्या दिवशी आम्ही चुलीपाशी जाऊ देत नाही. आर्डिस म्हणाली, "माझं मी करते गं, सवय आहे."

"नवऱ्याला पुरायच्या दिवशी? शोभेल का आम्हाला? तुझं जेवण माझ्याकडे लागलं."

तिने माझा हात धरला. "आज मला सगळ्यांच्यात बसून जेवायचंय. बाकी काही नको."

पहाटे उठून मी भांडं दोनदा घासलं, प्रार्थना केली, मांस शिजत लावलं. चर्चमध्ये नेऊन झाकणावर चिठ्ठी चिकटवली: आर्डिससाठी, गव्हाशिवाय. मग दफनाला गेले. भांड्यापाशी कुणाला तरी बसवावं हे मला सुचलंच नाही.

सगळ्यांच्या मागून मी परतले तोवर वाढून झालं होतं. स्वयंपाकघर सांभाळणारी व्हर्लिस खुशीत होती. "अगं, तुझा रस्सा नुसता पाणी! मी दोन चमचे मैदा लावला. आता बघ कसा दिसतोय!"

"चिठ्ठी नाही वाचलीस?"

"वाचली की. मैद्यात कुठला आलाय गहू? मी काय पाव कुस्करलाय त्यात?"

समोर आर्डिस ताटावर बसली होती. शेजारी नेब्रास्काहून आलेला ओर्विलचा भाऊ डोळे पुसत होता. तिने घास उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. खात्री करून घेत होती.

मी होकाराची मान हलवली. मनात म्हटलं, दोन चमच्यांनी काय होतंय? खरं म्हणजे सगळ्यांदेखत ते ताट ओढून घ्यायची मला लाज वाटली.

तिने पुन्हा वाढून घेतलं.

तासाभराने ती संडासात फरशीवर पडली होती. तिला भेटून निघावं म्हणून माणसं कोट चढवून बाहेर ताटकळली आणि एकेक करून गेली. दिराने दार वाजवलं, "वहिनी, निघतो." आतून फक्त उलटीचा आवाज आला.

आठवड्याने मी तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं.

"मान हलवलीस तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"व्हर्लिसला अक्कल नाही. तुला होती."

"देव क्षमा करतो, आर्डिस."

"मग त्याच्याकडेच माग."

एप्रिलच्या जेवणाला ती आली. भांडं तिचं, खुर्ची ओर्विलची, पळी तिच्या हातात. मी ताट पुढे केलं. मांसाचे चांगले तुकडे शोधून तिने काठोकाठ वाढलं.

"घे. निर्धास्त खा."

स्वतःचं ताट तिने आणलंच नव्हतं.