इराशा मासे

नेरुळच्या त्या जपानी थाटाच्या बारमध्ये आमचं ऑफिस शुक्रवारी नाचायला जातं. दारात कागदी कंदिलांखाली काळा किमोनो घातलेला पन्नाशीचा एक माणूस उभा असतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणी आलं की तो कमरेतून वाकतो आणि म्हणतो, "इराशा मासे." तो जपानी स्वागताचा शब्द आहे, पण याच्या तोंडून त्यातले मासेच तेवढे नीट निघतात. आमची पोरं हसतात, त्याच्यासमोर वाकून रील काढतात. मीही एकदा काढलंय. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत तो वर येत नाही. मॅनेजर कौतुकाने सांगतो, "असं वाकणं टोकियोतपण मिळणार नाही, सर."

गेल्या शुक्रवारी फोनवर बोलत मी मागे राहिलो. सगळे आत गेले तरी तो वाकलेलाच होता. एक हात भिंतीला टेकलेला होता आणि तिथला रंग तळव्याएवढा उडाला होता. मी घाईने त्याचा दंड धरला.

"नगा उचलू, सायेब," तो खालूनच म्हणाला. "अजून गर्दी यायची हाय. मार्केटात वीस वर्सं पोती वाहिली. पाठ यकदा सरळ क्येली, की पुन्ना वाकताना जीव जातुया."

मी दंड सोडला. मागे रिक्षा थांबली. त्याला पोरींच्या सँडल दिसल्या असाव्यात, कारण जमिनीकडे बघतच तो म्हणाला, "इराशा मासे."