मॅडम, कालवा कुठाय?

विचारता म्हणून सांगते, नाहीतर मी हे कुणापाशी बोलत नाही. एका दिवसाच्या सहली काढायला लागल्यापासून असल्या गोष्टी इतक्या साचल्यात, की नांदेडच्या बाजारात ओळखीचं कुणी हसलं तरी वाटतं, हा आपल्या गाडीत बसलेला दिसतोय! टेम्पो ट्रॅव्हलर आमची घरचीच. चालवतो माझा नवरा संतोष, बोलते मी.

*

पहिल्याच सहलीला लातूर-चाकूरकडची मंडळी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर मी थाटात लिहिलेलं, ‘कालव्याच्या पाण्याकाठी निवांत जेवण.’ पोचलो तर कालवा ठणठणीत कोरडा! पाणी कधी सोडतात हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. ऊन लई. सावली फक्त पुलाखाली, म्हणून सगळे खाली उतरून पंगतीला बसलो. अर्धी भाकरी झाल्यावर एक आजी म्हणाल्या, "मॅडम, कालवा कुठाय?"

"आजी... आपण त्यातच बसलोय."

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "ओ काकू, पिचवरून उठा की! मॅच सुरू करायची हाय!"

*

किनवटच्या जंगलाचं आठवलं तरी कान गरम होतात. मोहाची फुलं पडायचे दिवस. मोहाखाली सकाळी अस्वल येतं, असं मी कुठंतरी वाचलेलं. उतरल्याबरोबर सगळ्यांना गप्प केलं. झाडाखाली काहीतरी काळं, वाकलेलं हललं.

"अस्वल!" मी कुजबुजले. "फोटो काढा, आवाज नको."

सगळ्यांचे मोबाइल वर झाले. अस्वल उभं राहिलं. काळी घोंगडी पांघरून फुलं वेचणारी म्हातारी होती ती!

"मला म्हनलीस का ग, अस्वल?"

मी हात जोडले. म्हातारी जवळ आली, "फोटो दाखव" म्हणाली. बराच वेळ बघत राहिली.

"खरंच की. अस्वलच दिसून राहिलंय."

*

कंधारचा किल्ला मला सगळ्यात आवडतो. खंदकापाशी आले की मी रंगातच येते. एकदा एका शाळेतली शिक्षक मंडळी सोबत होती. सकाळी गाडीत मी ओळख करून दिलेली, "हे आमचे संतोषराव, भोकरचे!" तटावर कोरलेली नावं बघून माझं डोकं फिरलं.

"शेकडो वर्षांची भिंत, आणि हे लोक खिळ्यानं बदाम कोरतात! घरच्यांनी काही शिकवलं नाही का यांना? लाज कशी वाटत नाही?"

सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई पुढे होऊन मोठ्यानं वाचायला लागल्या, "राजू... पिंकी... संतोष, भोकर. ज्योती."

माझं नाव सुनंदा.

कुणी माझ्याकडे बघेना. संतोष मागेच उभा होता, हातात पाण्याची बाटली. एक सर सावरायला गेले, "भोकरात काय, संतोष लई असतील!"

"हाव सर, लई हायत," संतोष म्हणाला.

मग पुढे झाला, रुमाल ओला केला आणि ते नाव पुसायला लागला. जोर लावून पुसत होता. धूळ निघाली, तशी अक्षरं आणखी ठळक झाली.

"राहू द्या," मी म्हणाले. "लई खोल कोरलंय."