हनुवटीवरचं बोट

आईचा डावा हात पलंगाच्या दांडीला बांधला होता. गॉजची पट्टी, दोन वेढे, वर घट्ट गाठ. वॉर्डात शिरल्या शिरल्या मला तेच दिसलं. तिचं तोंड नंतर दिसलं.

पिशवी खाली टाकली आणि गाठ सोडायला लागले. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. मी दुसऱ्या हातानं विचारलं, का बांधलंय? त्यानं तोही हात धरला. दोन्ही हात आवळून मला भिंतीकडं सरकवलं आणि तोंड मोठं करून बोलला. त्याचे ओठ मी जन्मभर वाचत आलेय. त्यात माझी चूक होत नाही.

"हात खाली कर. लोकं बघत्यात."

लोकं बघतच होती. सहा पलंग, पलंगाशेजारी नातेवाईक, डबा घेऊन आलेली एक म्हातारी. सगळ्यांच्या माना आमच्याकडं. सिस्टर आली. तिनं मला काही विचारलं नाही, दादाला विचारलं. दादानं आधी स्वतःच्या कानाकडं बोट नेलं, मग कपाळाशी नेऊन गोल फिरवलं. बहिरी हाय, आणि डोक्यानं पण जरा कमी हाय. माझ्याशी चाळीस वर्षांत एकही खूण न केलेल्या माणसाला एवढी खूण मात्र बरोबर जमली.

सिस्टरनं माझा दंड धरला आणि मला बाहेर काढलं. शेळी हाकलतात तसं. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई. सांगलीजवळ बेदाण्याच्या शेडवर माझ्या टेबलाला बारा बायका काम करतात. काडी, खडा, काळा दाणा माझ्या नजरेतून सुटत नाही म्हणून मालकानं मला टेबलाच्या डोक्याला बसवलंय. आणि साताऱ्याच्या त्या दवाखान्यात माझ्या तोंडावर दार लोटलं.

मला तिथं कुणी बोलावलंच नव्हतं. चार दिवसांपूर्वी दादाचा मेसेज आला होता. आईची तब्येत जरा नरम आहे, येऊ नको. मी विचारलं, काय झालं? उत्तर आलं, काही नाही, नंतर सांगतो.

हे 'काही नाही' ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. जेवायला सगळे बसलेत, कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे पोट धरून हसतायत. मी विचारते, काय झालं? काय न्हाई. भांडण चाललंय, मी विचारते. काय न्हाई, नंतर सांगतो. ते नंतर माझ्या आयुष्यात कधी उजाडलं नाही. वडील वारले, फौजेतून परत आले नाहीत, तेव्हाही मला आधी 'काय न्हाई'च सांगितलं होतं. अंगणात माणसं जमली, आई जमिनीवर हात आपटताना दिसली, तेव्हा मला कळलं की काय झालंय. गावातल्या कुत्र्यालासुद्धा माझ्याआधी कळलं असेल.

या वेळी मला दोन वेण्यांनी सांगितलं. दोन वेण्या म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. आमच्यात माणसाचं कागदावरचं नाव कुणी वापरत नाही. प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, आणि एकदा पडलं की ते मरेपर्यंत. शाळेत हिच्या दोन लांब वेण्या होत्या. आता केस मानेवर कापलेत, तरी ती दोन वेण्याच. साताऱ्याच्या त्याच दवाखान्यात ती फरशी पुसते. तीही माझ्यासारखीच बहिरी.

माझं नाव हनुवटी. दोन-अडीच वर्षांची असताना उखळाच्या कडेवर पडले, हनुवटी फाटली, तीन टाके पडले. वण अजून आहे. माझं लक्ष वेधायचं असलं की आई स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवायची, दोनदा. ते नाव घेऊनच मी शाळेत गेले. आज सांगली, कऱ्हाड, फलटण, कुठल्याही स्टँडवर आमची माणसं रविवारी जमतात तिथं जाऊन हनुवटीवर दोनदा बोट टेकवा, लोक माझं घर दाखवतील.

दोन वेण्या वॉर्डात फरशी पुसत होती. कोपऱ्यातल्या पलंगावरची म्हातारी डावा हात उचलून हनुवटीला बोट लावत होती. एकदा. दोनदा. हात खाली पडायचा, परत उचलायची. हिनं वाकून तोंड बघितलं आणि ओळखलं. शाळेत भेटीच्या दिवशी माझी आई सगळ्या पोरींना शेंगांचे लाडू वाटायची. हिनं मोबाइल काढून मला व्हिडिओ कॉल केला आणि सांगितलं, तुझी आई इथं आहे, ती तुला हाक मारतेय.

शेडवरून तशीच निघाले, अंगावर बेदाण्याची पूड घेऊन. पहिली मिळाली ती एसटी धरली. पोहोचेपर्यंत तो हात बांधून झाला होता.

का बांधला ते सिस्टरनं दाराबाहेर केसपेपरच्या मागं लिहून दिलं. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, जीभ वळत नाही, डोकं शाबूत आहे. पेशंट सारखा हात नाकाकडे नेतो, नळी उपसेल, म्हणून मुलाला विचारून बांधला.

नाकाकडं नव्हता नेत. हनुवटीकडं नेत होती. मला हाक मारत होती. चार दिवस. आणि शेजारी बसलेल्या तिच्या लेकाला ते कळलं नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. दोन वेण्या शेजारी. माझे हात आपोआप मांड्यांखाली गेले होते. ही सवय शाळेची.

सांगलीची ती बहिऱ्या पोरींची राहायची शाळा. बाई आरसा घेऊन बसायच्या. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायच्या, प म्हटलं की ती हलली पाहिजे. माझी हलायची नाही. हातानं बोललेलं दिसलं की पट्टी. लाकडाची. पाठीवर नाही, बोटांवर. आणि मग हात मांड्यांखाली घालून बसायचं, मधली सुट्टी होईपर्यंत. मुंग्या यायच्या. पायखान्याच्या मागं, पाण्याच्या टाकीआड आम्ही पोरी पोटभर बोलून घ्यायचो. आमची सगळी भाषा त्या टाकीआड वाढली. बाईंनी आईलाही बोलावून सांगितलं, घरी हातवारे करू नका, नाहीतर ही कधीच बोलायची नाही.

आई चौथी शिकलेली. बाई म्हणजे तिला देव. वडूजजवळच्या आमच्या गावात सुट्टीला आले की चारचौघांत ती माझ्याशी फक्त ओठांनी बोलायची. मी हात उचलला की तळवा जमिनीकडं दाबून दाखवायची. हात खाली. पाहुणे आले, हात खाली. देवळात, हात खाली. लग्नाच्या पंगतीत तर माझ्या हातांवर पदर टाकायची. आईनं मला सगळ्यात जास्त वेळा केलेली खूण हीच.

पण चुलीपाशी दार लोटून घेतलं की ती वेगळी बाई व्हायची. पिठाचे हात तसेच हवेत. सलाम ठोकला की वडील. मनगटाला राखी बांधल्यासारखं केलं की दादा. तोंडाकडं पाच बोटं, भुवया वर, म्हणजे जेवलीस का. शेजारणीच्या चालण्याची नक्कल करायची, आम्ही दोघी हसून लोळायचो. मला भाषा तिनं दिली आणि त्या भाषेची लाजही तिनंच दिली. दोन्ही एकाच हातानं.

चार वाजता भेटायची वेळ झाली. मी उठले. दोन वेण्यांनी बादली जिन्यातच ठेवली आणि माझ्याबरोबर आली.

मी थेट पलंगाशी गेले आणि गाठीला हात घातला. दादा उठला, परत माझं मनगट धरलं. या वेळी मी ओरडले. नाही. आवाजानं ओरडले. माझा आवाज कसा येतो मला माहीत नाही. लोकांचे चेहरे वाकडे होतात, त्यावरून समजतं की चांगला येत नसणार, म्हणून मी तो गिळून टाकलेला. त्या दिवशी काढला. दादानं मनगट सोडलं.

सिस्टर धावत आली. मी मोबाइलवर लिहून तिच्यासमोर धरलं: ती नळी ओढत नाही. ती माझं नाव घेते. मी हात धरून बसते. नळीला काही झालं तर मला विचारा. त्याला नको. मला.

खरं ते सांगते, त्या पोरीनं ते दोनदा वाचलं. मग खिशातून कात्री काढली आणि स्वतः पट्टी कापली. मनगटावर लाल वळ उठला होता.

आईनं डोळे उघडले. मला बघितलं. बोट हनुवटीवर. दोनदा. मी मान हलवली, आले. मग पाच बोटं तोंडाकडं, एक भुवई वर. दुसरी उचलत नव्हती. जेवलीस का? नाकात नळी, अर्धं अंग गेलेलं, हातावर वळ, आणि ही मला विचारते जेवलीस का. मी रडत रडत खोटं सांगितलं, जेवले. मग मी बोलत सुटले. कुठं दुखतंय, पाणी हवं का, मला आधी का नाही कळवलं, घरी चल. दोन्ही हात मोकळे सोडून, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर.

आईची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. मागं माणसं उभी होती. तिनं डावा हात कसाबसा उचलला आणि तळवा खाली दाबला.

हात खाली. लोकं बघत्यात.

मरायला टेकलेली माझी आई. तिचा हात बांधला तेव्हा तिनं काय सोसलं असेल, आणि सुटलेल्या हातानं मला तीच खूण केली. मी तिच्यावर कधी रागावले नव्हते. त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं नाही. हात तिच्या तोंडासमोर वर धरले आणि सांगितलं, बघू दे. तूही बोल. बघू दे सगळ्यांना.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा हात उठला. माझ्या मनगटाला दोन बोटांनी वेढा घातला, राखीसारखा. मग पाच बोटं स्वतःच्या तोंडाकडं. भुवई वर.

दादा जेवला का?

दादा पायथ्याशीच उभा होता. त्यानं सगळं बघितलं आणि त्याला काही कळलं नाही. माझ्याकडं वळून विचारलं, "काय म्हणती? माझं काय म्हणती?"

मी त्याच्यासारखंच तोंड मोठं केलं आणि म्हणाले, काय न्हाई. नंतर सांगते.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण आई उत्तराची वाट बघत होती. मी तिला सांगितलं, जेवला. तिनं डोळे मिटले. चार दिवस तो माणूस चहावर होता, हे मला नंतर कळलं. त्याला सांगितलं असतं तर तिच्यासमोर दोन घास खाल्ले असते त्यानं. तेवढं मी होऊ दिलं नाही. ते माझ्याजवळ आहे, आणि ते मला टोचतं.

दोन दिवसांनी आई गेली. शेवटपर्यंत हात मोकळा होता.

तेराव्याला मंडपात दादा पाहुण्यांना सांगत होता. मी समोरून ओठ वाचले. "शेवटचं सा दिवस आई एक अक्षर बोलली न्हाई आवं." बायका मान हलवत होत्या. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर हातांनी सांगितलं, बोलली. सहा दिवस बोलली. तुम्ही तिचा हात बांधलात. मांडवात ते फक्त दोन वेण्यांना कळलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. या वेळी माझे हात खाली आले नाहीत.

सगळे पांगल्यावर दादा माझ्यापाशी आला. डोळे सुजलेले. मोबाइलवर लिहून माझ्यासमोर धरलं: आई त्या दिवशी माझ्याबद्दल काय म्हणाली? तुझ्या पाया पडतो, सांग.

तो वाईट माणूस नाही, हे मला माहीत आहे. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि खाली लिहिलं: लिहून सांगणार नाही. आधी हातानं विचारायला शिक.

त्याला राग आला. मग रडला. मग गेला. भावजयीनं माझ्याकडं बघून कडाकडा बोटं मोडली. निर्दयी म्हणाली असेल. म्हणू दे.

दादा हे वाचेल की नाही, ठाऊक नाही. वाचलं तर त्याला कळेल आई काय म्हणाली. पण वाचून कळणं वेगळं आणि मला विचारणं वेगळं. आईनं केलेल्या दोनच खुणा आहेत, मनगट आणि तोंड. पाच मिनिटांत येतील. त्यानं माझ्यासमोर उभं राहायचं, चारचौघांत, लोकं बघत असताना, आणि हात वर करून विचारायचं. तोवर माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही. त्याला नाही आणि माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या शेजारच्याशी बोलणाऱ्या कुणालाच नाही.