बाबांसाठी दाबलेलं बटण

काचबिंदूनं बाबांची नजर गेली, त्यानंतरची सहा वर्षं रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवला. आमच्या घरामागे यंत्रमागाचा कारखाना आहे, त्यामुळे वाचायचं ते जवळजवळ ओरडूनच. बाबा भिवंडीच्या कोर्टात कारकून होते. खुर्चीत ताठ बसून ऐकत, कोणाची साक्ष चालू असल्यासारखे.

राजकारणावरून आमचं पटत नसे. ते तरुणपणापासून ज्या पक्षाला मानत, त्याच्याबद्दल मला राग होता, आणि तो लपवण्याइतकी मी समंजस नव्हते. बरीच वर्षं मी वाद घातले. जुनी भाषणं काढून दाखवली, आमच्याच गल्लीतली उदाहरणं दिली. बाबा सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "बरं." त्या 'बरं'मध्ये होकार नसे, रागही नसे. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा तिथंच मत देऊन येत.

नजर गेल्यावर माझ्या मनात आलं, की आता जग त्यांच्यापर्यंत माझ्याच तोंडून पोचणार. या विचाराची तेव्हा मला लाज वाटली नाही, हे लिहायला हवं. मी बातम्या निवडून वाचू लागले. त्यांच्या पक्षावरची टीका आधी यायची. कौतुकाच्या पानापर्यंत पोचेतो माझी शाळेत शिकवायला जायची वेळ व्हायची. एकदा तर अग्रलेख वाचता वाचता मी मध्येच एक अख्खं वाक्य माझ्या पदरचं घातलं.

बाबांनी हात वर केला. "हे परत वाच."

मी परत वाचलं. शब्द थोडे वेगळे झाले.

"हे तुझं आहे," ते म्हणाले. "संपादक एवढं नीट लिहीत नाही."

ते हसले, म्हणून मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर मागितला नाही. आठवडाभर रेडिओ लावून बसले. मग एका सकाळी म्हणाले, "वाच. पण छापलंय तेवढंच." त्यानंतर मी तेवढंच वाचलं. त्यांचं मन वळवायचं मी सोडून दिलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. मी दमले होते.

मग निवडणूक आली. घरी येऊन मत घेण्याची सोय असते, त्यासाठी अर्ज करू या असं मी सुचवलं, तर म्हणाले, "मत देणं म्हणजे काय सलाईन आहे, खाटेवर लावून घ्यायला?"

मतदानाच्या दिवशी माग बंद होते. भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला होत होतं. मी त्यांची दाढी करून दिली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि आम्ही रिक्षानं धामणकर नाक्यापलीकडच्या शाळेत गेलो. शाळेच्या बरंच अलीकडे त्यांच्या पक्षाचं टेबल होतं. तिथला पन्नाशीचा कार्यकर्ता बाबांच्या ओळखीचा. तो उठून आला.

"काका, आत मी येतो सोबत. ताईंना कशाला तकलीफ?"

"एका माणसाला एकाचीच सोबत करता येते. तू सकाळपासून कितवा म्हातारा धरतोयस?"

टेबलावरचे हसले. कार्यकर्ता माझ्याकडे बघत म्हणाला, "बघा हां काका. ताई भलतंच बटण दाबतील, तुम्हाला कळणार पण न्हाय."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "चल गं."

आत मला एका कागदावर सही करावी लागली. मी यांच्या सांगण्यावरून मत नोंदवीन, ते गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कोणाची सोबत करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. माझं स्वतःचं मत आधीच देऊन झालं होतं. आता उजव्या हाताच्या बोटालाही शाई लागली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाबांनी माझं कोपर धरलं. त्यांना सगळी नावं ऐकायची होती. मी वरपासून खालपर्यंत हळू आवाजात वाचली. मग त्यांनी आपला पक्ष सांगितला.

मी बोट बटणाजवळ नेलं आणि थांबले. ज्याला मी मत दिलं होतं, तो दोनच ओळी वर होता. यंत्राच्या खिडकीत येणारी चिठ्ठी बाबांना दिसणार नव्हती. इतक्या वर्षांत मला बोलून जे जमलं नव्हतं, ते दोन बोटांच्या अंतरावर होतं. पण त्यात बाबा कुठंच नव्हते. त्यांचं मन होतं तिथंच राहिलं असतं, आणि वर मी त्यांचं बोलणं चोरलं असतं.

"ताई, झालं का?" मागून अधिकाऱ्यानं विचारलं.

मी त्यांनी सांगितलेलं बटण दाबलं. शिट्टीसारखा आवाज आला. चिठ्ठी दिसली आणि खाली पडली.

परतताना रिक्षात मी वाट बघत होते, की ते आता विचारतील. त्यांनी नाक्यावर आज गर्दी कमी का, एवढंच विचारलं. घरी आल्यावर मला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही विचारत का नाही?"

"काय विचारू? तू दुसरं दाबलं असतंस, तरी 'तुमचंच दाबलं' म्हणाली असतीस. ज्या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडून एकच, तो कोर्टात विचारत नाहीत."

"मग कार्यकर्त्याला न्यायचं."

"त्याला कशाला? तो पक्षाचा आहे. तू माझी आहेस."

दोन महिन्यांनी बाबा गेले.

दिवसकार्याच्या वेळी माझा चुलतभाऊ पडघ्याहून आला होता. तो माझ्याच मताचा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकांचं शेवटचं मत तरी आपल्याकडं वळवलंस की नाही?" मी नाही म्हटलं. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि समजल्यासारखी मान हलवली. थोड्या वेळानं तो कार्यकर्ता आला. फोटोला हात जोडले आणि जाता जाता दारात म्हणाला, "जाऊ द्या ताई. काकांचं शेवटचं मत तुमच्याकडं गेलं, काय करणार."

सही केल्यावर असं सांगायचं नसतं. तरी मी दोघांनाही खरं काय ते सांगितलं. एकाला वाटलं मी विनयानं बोलते आहे, दुसऱ्याला वाटलं मी घाबरून बोलते आहे. एरवी कशावरही एकमत न होणारी ही दोन माणसं माझ्याबाबतीत मात्र ठाम होती. पुन्हा समजावून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण पंगत वाढायची होती, आणि मी आत गेले.