हात् मेल्या कपाटा!

पाळणाघर बघायला आम्ही दोघं गेलो होतो, दीड वर्षाची मुक्ता माझ्या कडेवर. खोली स्वच्छ होती, सांभाळणाऱ्या काकू मायाळू होत्या. तेवढ्यात धावताना एका मुलाचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं आणि त्यानं भोकाड पसरलं. काकूंनी त्याला उचललं आणि कपाटाला सणसणीत चापट मारली. "हात् मेल्या! आमच्या सोन्याला लागलं ना?"

रडणं थांबलं. डोळे न पुसताच त्यानं कपाटावर मुठी आपटल्या. मग बाकीची पोरं उठली. कुणी लाथा घातल्या, कुणी लाकडी ठोकळा हाणला. पत्रा नुसता दणाणत होता. लहानपणी आपण सगळे असेच शांत झालो आहोत, मार खाणाऱ्या जमिनीकडे, उंबऱ्याकडे बघत. आपलं दुखणं थांबायला दुसऱ्या कुणाला तरी मार पडावा लागतो, हे आपल्याला बोलता येण्याआधीच कळलेलं असतं.

"इथे नको," मी नवऱ्याला हळूच म्हटलं. तोवर मुक्ता कडेवरून निसटली होती. एरवी कुणाकडेही न जाणारी माझी मुलगी सरळ त्या घोळक्यात शिरली आणि दात आवळून, लालबुंद होऊन कपाट बडवू लागली.

काकू कौतुकानं हसल्या. "बघा, रमली की लगेच!"